थांब म्हटल्यावर थांबणारी गाडी

महाबळेश्वरच्या पठारावरचा आमचा प्रवास पुण्याजवळ पुनावळ्यात, आमच्याच इमारतीच्या तळघरात सुरू झाला. तळघरातल्या पार्किंगमधून रस्त्यावर येणारी चढण हा आमच्या भागात घाटाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार आहे. भाड्याने घ्यायची गाडी त्या चढणीवर मधोमध थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा वर काढायची, असं सुजाताने ठरवलं होतं. सुजाता माझी पत्नी. चाकणच्या एका कारखान्यात ती तयार मालाची तपासणी करते. घरी आणलेली भाजीसुद्धा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय फ्रीजमध्ये जात नाही.

हा खटाटोप सासूबाईंच्या अटीमुळे होता. त्यांची धाकटी बहीण पठारावर राहते. स्ट्रॉबेरीचं छोटं शेत आहे. गुडघे गेल्यामुळे तिला खाली उतरता येत नाही. सासूबाईंना वर जाता येत नव्हतं, त्याचं कारण वेगळं होतं. काही वर्षांपूर्वी केळघर घाटात भाड्याच्या जीपचा चालक एका हाताने फोनवर बोलत गाडी चालवत होता. त्या "थांब, थांब" म्हणाल्या, तेव्हा तो हसला आणि त्याने वेग वाढवला. अपघात झाला नाही. जीप वेळेत पोचली. पण त्यानंतर त्या घाट चढल्या नाहीत. बहिणी फोनवरच भेटत राहिल्या.

"मी थांब म्हटल्यावर जो थांबंल, त्याच्याच गाडीत बसंन," असं त्या सांगत. मी चालवतो म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. "जावयाला थांब कसं म्हणायचं? तुम्ही आपलं शेजारी बसा, जावईबापू."

राहिली सुजाता. ती रोज चाकणला गाडी नेते, पण कंपनीच्या रस्त्यावर घाट नाही. डिसेंबरअखेर कारखान्याचं शटडाउन (यंत्रांच्या देखभालीसाठीची वार्षिक बंदी) लागलं, आणि तिने जाहीर केलं, "या वेळी आईला वर नेणार. वाटेत कितीही वेळा थांबावं लागलं तरी." आमची स्वतःची गाडी तेव्हा गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडली होती. म्हणून भाड्याची.

काळेवाडीत एका गृहस्थांकडे चालकाशिवाय भाड्याने मिळणाऱ्या गाड्या आहेत. त्यांनी पहिली पाठवली ती सात जण बसतील एवढी उंच आणि रुंद. आमच्या मजल्यावरचे शिंदे ती बघायला लगेच खाली उतरले. आमच्या इमारतीत जवळपास प्रत्येक घरातला कुणी ना कुणी गाडीचा एखादा भाग बनवतो, आणि प्रत्येक जण पूर्ण गाडीविषयीचं मत त्या एका भागावरून देतो. शिंदे शॉक ॲब्सॉर्बरवाले.

"हीच घ्या, राव. हिचं सस्पेन्शन आमच्या लाइनवरचं आहे. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून घाटात कशी नेऊ?" सुजाता म्हणाली. चढणीच्या वळणावर तिला बॉनेटपुढचा रस्ताच दिसत नव्हता. डावीकडची भिंत किती लांब आहे, तेही कळत नव्हतं. गाडी परत गेली.

दुसरी अगदी छोटी आणि कोरी होती. रिकामी असताना ती झरझर वर गेली. सुजाताने शिंद्यांना, त्यांच्या पत्नीला आणि मला आत बसवलं, डिकीत तांदळाचं पोतं टाकलं आणि एसी लावला. रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नव्हे, असं तिचं म्हणणं. चढणीच्या मध्यावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली.

"वहिनी, मी उतरू का?" शिंद्यांनी विचारलं.

"बसा. आई घाटात उतरणार नाही."

तिसऱ्या गाडीसोबत काळेवाडीचे मालक स्वतः आले. "मॅडम, घाट चढायचाय का गाडी पास करायचीय?" ही गाडीही छोटीच, पण जुनी. रंग उन्हाने उडालेला, डाव्या दारावर पोचा. इंजिन मात्र दुसरीपेक्षा मोठं होतं, तळ जमिनीपासून बऱ्यापैकी उंच होता, आणि दोन सीटांच्या मध्ये हाताने ओढायचा हँडब्रेक होता. सुजाताने ती भरून चढवली, थांबवली, हँडब्रेक ओढला, सोडला, पुन्हा चढवली. दुपारभर हेच चाललं. वॉचमनने शेवटी खुर्ची बाजूला सरकवली. गाडी एकदाही मागे आली नाही.

"दिसायला काही खास नाही हो," शिंदे म्हणाले.

"पठारावर कोण बघणार आहे?" सुजाता म्हणाली, आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सुट्टीच्या दिवसांत वाईकडून पसरणी घाटाने जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. म्हणून सातारा, मेढा आणि केळघर असा रस्ता धरला. महामार्गावर सासूबाई मागच्या सीटवर मधोमध बसून समोर बघत होत्या. खंबाटकी घाटात त्यांनी एकदाही थांब म्हटलं नाही. "ह्यो घाट न्हाय, ह्यो हमरस्ता," एवढंच नंतर म्हणाल्या.

मेढ्यात गरम वडापाव खाल्ला. बाजूच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "वर निघाला का? आज टेंपो लई खाली येत्यात. स्ट्रॉबेरीचा माल हाय." सासूबाईंनी अर्धा वडा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

केळघर सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, त्यापलीकडे दरी. पहिलं "थांब" लगेचच आलं. सुजाता थांबली. सासूबाई पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "हां, चल." गाडी चढणीवर जराही मागे न घसरता पुढे गेली. दुसऱ्या थांब्याला त्यांनी खिडकीची काच खाली करून नुसतीच दरी पाहिली. तिसऱ्याला काहीही केलं नाही. दर वेळी सुजाता हँडब्रेक ओढे, वाट पाही, निघे. माझं काम मागचा रस्ता पाहण्याचं होतं.

मागे एक एसटी लागली होती. पुढे आंधळं वळण आलं, आणि त्याच वेळी वरून क्रेटांनी भरलेला टेंपो उतरला. रस्त्याचा मधला भाग त्याने घेतला होता.

"थांब! सुजा, थांब!"

सुजाता थांबली नाही. तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, चाकं कातळाच्या कडेला लावली आणि टेंपो व कातळ यांच्यामधून वर काढली. उजवा आरसा टेंपोच्या फळीपासून तळहाताएवढ्या अंतरावरून गेला. काळेवाडीची पहिली गाडी तिथे मावली नसती.

वळणापुढे रस्ता रुंद होता. तिथे तिने गाडी कडेला घेतली. मागून आलेल्या एसटीच्या चालकाने वेग कमी केला आणि खिडकीतून ओरडला, "ताई, बरं केलंत! तिथं थांबला असता तर माझी गाडी तुमच्या डिकीत असती!"

सासूबाई दार उघडून खाली उतरल्या आणि चढाने चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही. गाव अजून बरंच लांब होतं. सुजाताने किल्ली माझ्या हातात दिली आणि त्यांच्या मागे गेली. मी गाडीपाशी उभा राहिलो. घाटात आवाज लांबवर जातो.

"ऐकलंस का मी काय म्हटलं ते?"

"ऐकलं."

"मग?"

"तिथं जागा नव्हती. जागा दिसली तिथं थांबले."

सासूबाई थोड्या चालल्या. "त्या जीपवाल्यानं ऐकलंबी न्हवतं. हसला व्हता."

"मी हसले का?"

"न्हाय."

"मग बस ना, आई."

त्या कठड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. खालून चढत येणारी एक मोटारसायकल गेली. मग त्या वळून खाली आल्या, मागचं दार उघडून बसल्या आणि पदर सारखा केला. "आता मला इचारू नगंस. तुला जागा दिसंल तसं घे."

पठारावरचा सडा (खडकाळ, उघडं माळरान) लागला तेव्हा दुपार झाली होती. मावशी शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. सासूबाईंना पाहून त्यांना उठता येईना, म्हणून सासूबाई शेजारी मातीतच बसल्या. "एवढी वर्सं लावलीस व्हय गं?" मावशी म्हणाल्या. "गाडी मिळत न्हवती," सासूबाईंनी उत्तर दिलं. जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि ठेचा होता. स्ट्रॉबेरी आंबट होती. मावशींनी ती मीठ लावून वाढली. दोघी बहिणी दोन दिवस त्या बांधावरून फारशा हलल्या नाहीत.

घाटासाठी गाडी कोणती घ्यावी, असं आता इमारतीतले लोक मला विचारतात. माझं उत्तर असं: माणसं मावतील तेवढ्यात सर्वांत लहान घ्यावी, कारण घाटात रुंदीची किंमत वळणावर कळते. ती भरून चढवून पाहावी. आणि मागे बसणाऱ्याचं भय काय आहे, हे गाडी ठरवण्याआधी विचारून घ्यावं. बाकी रंग वगैरे ज्याचं त्याने पाहावं.

परत निघताना सासूबाईंनी सुजाताला मागे, स्वतःजवळ बसायला सांगितलं. "तुझा पाय दमलाय. उतारावर जावईबापू घेतील." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागलो. दोन वळणं गेली. रस्ता सरळ झाला, कडेला मोकळी जागा दिसू लागली.

"जावईबापू," मागून आवाज आला. मग घसा साफ केल्याचा आवाज. "थांबा."

मी कडेला घेऊन थांबलो. हँडब्रेक ओढला. सासूबाई उतरल्या नाहीत, पाणी मागितलं नाही, दरीकडेही पाहिलं नाही. सुजाताने ओठ दाबून खिडकीकडे तोंड फिरवलं.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "चला आता."