धुऱ्यावरचा मोगरा

बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिचं गाणं माझ्या मोबाइलात आहे, पण ऐकू येत नाही. कोणाच्या तरी लग्नात ती गात होती आणि मागे डीजेवाला बडवून राहिला होता. तिचे ओठ हलताना दिसतात, कानात नुसता धिंगाणा. मी तो व्हिडिओ पाहतो आणि डीजेवाल्याला शिव्या घालतो. दुसरं काही हातात नाही.

धानाचा रोवणा म्हणजे भाताची लावणी. तो लागला की बाया पाणी भरल्या बांधीत वाकून मागे मागे सरकतात आणि गातात. गाणं उचलायची आमचीच. तिच्या बाजूला तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी साळी. मी धुऱ्यावर, शेताच्या कोरड्या बांधावर, उभा असायचो, लांब. वाऱ्यात मला एकच ओळ सापडायची, ‘धुऱ्यावर मोगरा, वं बाई, उभा मोगरा’. मोगरा आवडतो म्हणून गाते, असं धरून मी एक रोप आणून मुर्री गावातल्या आमच्या घरी दारात लावलं. ती ते बघून खूप हसली होती. रोज पाणी घालायची.

वर्सीच्या आधी नवेगाव बांधहून साळीचा फोन आला. "भाऊजी, आमच्या बाईचं ते रोवन्याचं गानं मलेच आता अर्धंमुर्धं आठवते. आनखी थोडे दिवस गेले तं सप्पा जाईल."

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. वर्सीला येईल तेव्हा तिच्याकडून गाणं घरीच मोबाइलात भरून घ्यायचं, शब्द न् शब्द. या वयात मला वरातीच्या घोड्यासारखी घाई सुटली.

गोंदियाला गेलो. डोक्यात एकच गोष्ट होती, इको. आमच्या भजन मंडळाच्या मशीनला इकोचं बटन आहे. ते फिरवलं की खोकलासुद्धा गाभाऱ्यातून आल्यासारखा वाटतो. आमच्याकडे इको नाही तर गाणं नाही.

दुकानदार म्हणाला, "काका, ये लो. इसमें डबल इको है."

"डबल?"

"एक बार गाओ, तीन बार सुनो!"

मी खूश. माइक, मशीन आणि हा एवढा मोठा स्पीकरचा डबा मांडीवर घेऊन ऑटोत बसलो.

वर्सी आटोपली. दुसऱ्या दिवशी साळीला समोरच्या खोलीत बसवलं. वर स्लॅब, खाली टाइल. ती गायली, मी भरलं, लावून ऐकलं. एका शब्दावर दुसरा चढलेला, त्याच्यावर तिसरा.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी काय विहिरीत पडून गाऊन राहिली काय?"

इको बंद केला. तरी विहीर काही आटली नाही. तेव्हा कुठं समजलं, खोलीच बोलून राहिली आहे. टाळी वाजवली तर भिंती टण्ण करायच्या. मग मी घरभर टाळ्या वाजवत फिरलो. सैपाकघरात भांडी बोलायची, ओसरीत रस्ता बोलायचा. शेवटी मागच्या खोलीत गेलो. तिथं धानाच्या पोत्यांची थप्पी आणि वर तणीस, भाताचा पेंढा. टाळी वाजली आणि तिथंच मेली! पुन्हा वाजवली. पुन्हा मेली. मी ओरडलोच.

साळी दारात आली. "कायले धानाले टाळ्या वाजवून राहिले, भाऊजी? कीर्तन आहे काय त्याचं?"

एक भिंत उघडी होती. तिला बायकोनं शिवलेल्या गोधड्या टांगल्या. वर्षभर त्या पेटीत होत्या, मला काढवत नव्हत्या. आता कामासाठी काढल्या, म्हणून काढता आल्या.

मग पुन्हा गोंदिया. डबा आणि इको परत. बदल्यात समोरचाच आवाज धरणारा साधा हातातला माइक, तो मोबाइलला जोडायची चपटी डबी आणि कान झाकणारा हेडफोन.

"इको के बिना मजा नहीं आएगा, काका."

"मजा तू रख, बाबू. मेरे को शब्द चाहिए."

कोणाला घरी गाणं भरायचं असेल तर माझं ऐका. आधी खोली, मग माइक. आणि हेडफोन कानावर पाहिजेच. मी तो लावला आणि घरातले सगळे चोर सापडले. पंखा घरघरत होता, फ्रिज कण्हत होता. दोघांना बंद केलं. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला, म्हणजे ‘भ’ म्हटलं की फुंकर बसत नाही. वरून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. राहिल्या साळीच्या बांगड्या.

"काढ."

"कायले काढू? माहा नवरा जित्ता आहे!"

शेवटी बांगड्यांवर रुमाल बांधला. घामानं आम्ही दोघं भिजलो होतो. ती गायली. मधे एका जागी अडली, डोळे मिटले, बोटं रोप खोचल्यासारखी हलवली, आणि पुढची ओळ बोटांतूनच वर आली. गाणं पुरं झालं. पुरं!

मी हेडफोनमधून ऐकतच होतो. काचेसारखं स्वच्छ. आणि त्यात स्पष्ट, ‘धुऱ्यावर बगरा, वं बाई, उभा बगरा, चिखल लागंना पायाले’.

बगरा म्हणजे बगळा. आमच्या बोलीत काही शब्दांत ळचा र होतो.

"चुकली तू," मी म्हटलं. "मोगरा आहे तो."

साळी हसायला लागली ती थांबेचना. रुमाल सुटला, बांगड्या वाजल्या. "मोगरा? अवो, पांढरी बंडी घालून, पाय न भिजवता, धुऱ्यावरून हुकूम सोडनारा कोन होता? सप्पा बाया कोनाले हासत होत्या?"

मी हेडफोन कानावरून उतरवला. मग विचारलं, "तिनं मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगनार होती. पन तुमी मोगरा घेऊन आले. म्हने, आता कसी सांगू? बगरा स्वतःच्या हातानं मोगरा लावून राहिला."

मोबाइल चालूच राहिला होता. हेही सगळं त्यात भरलं गेलं. दोघी बहिणी हसायच्या सारख्याच, शेवटी श्वास आत ओढून. साळी म्हणाली, हसणं कापा आणि गाणं ठेवा. मी म्हटलं, हात लावू नको.

साळी तिच्या गावी परत गेली त्या संध्याकाळी मोगऱ्याला पाणी घातलं. अंगात पांढरी बंडीच होती. पाय मुद्दाम चिखलात टाकले.

"बगरा आला वं," मी म्हटलं.