सोलापूरवर एक जास्तीची फेरी

"स्पीड," मी म्हणालो.

"करेक्टिंग," कॅप्टन मोहिले म्हणाल्या. दिसतंय मला, कमी करते आहे, असा त्याचा अर्थ.

समोर सोलापूरची धावपट्टी होती. उन्हाळ्यातली दुपार. गोव्याहून आणलेलं आमचं पंख्यांचं विमान खाली यायला तयार नव्हतं. तापलेल्या माळावरची हवा त्याला खालून उचलत होती. उंची उतरवायला नाक खाली केलं की वेग वाढायचा, वेग आवरला की उंची राहून जायची. विमान कॅप्टन उडवत होत्या. मी शेजारी बसून काटे बघत होतो आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोलत होतो. तेच माझं काम.

मागं प्रवासी होते. खाली, विमानतळाच्या भिंतीबाहेर रस्त्यावर, माझी अव्वा, म्हणजे आई, आणि मल्लिनाथ मामा माना वर करून उभे असणार होते. आणि त्या दिवशी संध्याकाळी कॅप्टन मोहिले माझ्याबद्दल जे लिहितील त्यावर माझी नोकरी राहते की जाते ते ठरणार होतं.

हे शेवटचं जरा समजावून सांगायला पाहिजे.

लोकांना वाटतं, लायसन्स मिळालं की माणूस पायलट झाला. तसं नसतं. लायसन्स म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. एअरलाइनची भरती निघाली की आधी लेखी परीक्षा. मग कॉम्प्युटरवरच्या चाचण्या. हातानं पडद्यावरचा ठिपका धरून ठेवायचा आणि त्याच वेळी कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवायचे. मग पाच-सहा जणांना एक कोडं देऊन कोण कसं बोलतं, कोण कुणाला बोलू देत नाही, ते बघतात. मग सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच हलणारं हुबेहूब कॉकपिट. शेवटी इंटरव्ह्यू आणि मेडिकल. दर पायरीला रांग आखूड होत जाते.

इंटरव्ह्यूत मला विचारलं, "दहावी आणि बारावीच्या मध्ये एवढी वर्षं काय केलंत?"

"सोलापूरकडं दुधनीला मामांच्या अडतीवर होतो, सर. तुरीची पोती मोजून घ्यायचो."

शाळा मी दहावीनंतर सोडली. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. बारावी पुढं मुक्त विद्यालयातून केली, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. अभ्यास पोत्यांच्या थप्पीवर बसून. मधली बाकीची गोष्ट लांबण आहे. मामा पाठीशी उभे राहिले एवढं सांगितलं तरी पुरे. पॅनेलमधले एक जण हसले, एकानं चष्मा पुसला, आणि मला घेतलं. माझ्यासारख्याला परत पाठवायला त्यांना एक कारण पुरलं असतं. त्यांनी ते शोधलं नाही. हे मी विसरत नाही.

निवडीनंतर खरं ट्रेनिंग. आधी वर्गात विमानाची एकेक सिस्टिम. मग सिम्युलेटरमध्ये आग, धूर, बंद पडलेलं इंजिन. मग रिकाम्या खऱ्या विमानात उतरायचं, परत उठायचं, परत उतरायचं. आणि त्यानंतर प्रवासी घेऊन, पण शेजारी ट्रेनर कॅप्टन. याला लाइन ट्रेनिंग म्हणतात. ते संपलं की 'रिलीज'. म्हणजे आता तुम्हाला कुठल्याही कॅप्टनबरोबर बसवता येतं.

माझं घोडं इथं अडलं.

हात बरे होते. अडचण तोंडाची होती. अडतीवर मला पहिली शिकवण मिळाली ती अशी: मामा सौद्याला बसलेले असताना त्यांचा आकडा चुकला तरी लोकांसमोर टोकायचं नाही. ते पाणी प्यायला आत गेले की मागोमाग जायचं आणि कानात सांगायचं. मामा बाहेर येऊन आपणच चूक दुरुस्त करायचे. त्यांचा मान राहायचा, धंदाही राहायचा.

कॉकपिटमध्ये मी हेच करत होतो. एकदा ट्रेनर कॅप्टननी उंचीचा आकडा चुकीचा लावला. मला दिसलं. मी खाकरलो. आकड्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी तो बदलला. उतरल्यावर क्रूच्या बसमध्ये मी हळूच म्हणालो, "सर, मघाशी ते उंचीचं माझ्या लक्षात आलं होतं."

"मग आता त्याचं बसच्या ड्रायव्हरनं काय करायचं?" ते म्हणाले.

रिपोर्टात त्यांनी लिहिलं, बघतो चांगलं, बोलतो उशिरा. मला जास्तीची उड्डाणं दिली गेली. सोलापूरचं हे त्यातलं शेवटचं. ट्रेनर बदलून कॅप्टन मोहिले. त्यांनीही नाही म्हटलं की समितीसमोर जायचं, आणि तिथून फार थोडी पोरं कॉकपिटमध्ये परत येतात. बेंगळुरूला मी राहतो त्या खोलीत आरशासमोर उभा राहून मी बोलायची प्रॅक्टिस करायचो. रूममेट केरळचा. त्याला वाटायचं, माझं घरी कुणाशी तरी भांडण चाललंय.

कॅप्टन मोहिले नागपूरच्या. सकाळी ब्रीफिंगला त्या म्हणाल्या, "हे बघ सिद्धाराम, माझं चुकलं तर तिथल्या तिथं सांग. वाईट वाटून घ्यायला मला संध्याकाळ मोकळी आहे."

"हो मॅडम."

"कॅप्टन म्हण."

"हो मॅडम."

तर आम्ही सोलापूरवर होतो.

पाचशे फुटांवर एक अट असते. तोवर वेग, उतरायचा कोन, चाकं, सगळं ठरल्या मापात यायला पाहिजे. आलं असेल तर काटे बघणाऱ्यानं 'स्टेबल' म्हणायचं. नसेल तर 'अनस्टेबल, गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडा, परत वर चला. त्यावर चर्चा नाही. म्हणणारा कालचा पोरगा असला तरी कॅप्टननं विमान वर न्यायचंच.

ऐकायला सोपं आहे. पण वेग कमी होत होता की! मला दिसत होतं. कॅप्टनचे हात शांत होते. अजून थोडं थांबलं असतं तर सगळं मापात आलं असतं, धावपट्टीही पुरली असती. आणि मी काय करणार होतो? परीक्षा घेणाऱ्या बाईंना त्यांच्याच लँडिंगमधली चूक सांगणार होतो. तीही अव्वा पहिल्यांदाच माझं विमान बघायला आलेली असताना. मामांनी अर्ध्या दुधनीला सांगून ठेवलेलं.

यंत्राचा आवाज आला, "फाइव्ह हंड्रेड."

मी वेग बघितला. अजून जास्त.

"अनस्टेबल! गो अराउंड!"

आवाज माझाच होता, पण बाजाराच्या दिवशी लांबच्या हमालाला हाक मारावी तसा निघाला.

"गो अराउंड. फ्लॅप्स," कॅप्टन म्हणाल्या. चहा सांगावा इतक्या सहज. इंजिनं गरजली, नाक वर गेलं. मी फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, थोड्या आत घेतल्या. "पॉझिटिव्ह क्लाइंब," मी म्हणालो, म्हणजे विमान चढतंय. "गिअर अप," त्या म्हणाल्या. चाकं आत गेली. धावपट्टी खालून निघून गेली.

टॉवरला कळवलं. ठरल्या उंचीला आलो. चेकलिस्ट झाली. मला वाटलं, आता बोलतील.

"अनाउन्समेंट कर," त्या म्हणाल्या. "तोवर रेडिओ मी बघते. आधी मराठीत कर, सोलापूरची माणसं आहेत."

इंग्रजीतली अनाउन्समेंट मला पाठ होती. मराठीतली कुणी शिकवली नव्हती. तोंडाला आलं ते बोललो. "नमस्कार मंडळी. घाबरायचं काही कारण नाही. उतरताना वेग जरा जास्त होता, म्हणून आपण एक फेरी मारून परत येतोय. थोडा वेळ लागेल. पट्टे काढू नका, बसून राहा निवांत."

माझ्या बोलण्यावरून गाव ओळखू येतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या बारीला सगळं मापात होतं. पाचशेला मी 'स्टेबल' म्हटलं. कॅप्टननी विमान असं टेकवलं की चाकं लागलेली कळलीही नाहीत.

प्रवासी उतरत असताना एक गृहस्थ कॉकपिटच्या उघड्या दारात थांबले. हातात काजूचे खोके. डाव्या बाजूला कॅप्टनच्या खुर्चीत बसलेल्या बाईंकडे त्यांनी बघितलंही नाही.

"पायलटसाहेब, तुमी हिकडलेच का ओ?"

"व्हय. दुधनीचा."

"तरीच! असू द्या, असू द्या. सुरुवातीला व्हतंय असं. दुसऱ्या बारीला बेस्ट टेकवलं बगा."

विमान मी उडवत नव्हतो, हे कॅप्टनसमोर त्यांना कसं सांगणार? मी मान हलवली. कॅप्टन ओठ दाबून कागद चाळत होत्या.

तेवढ्यात मामांचा फोन. मामा फोनवर बोलतात ते फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"सिद्धू, काय झालं रं? खाली आलं नि परत वर गेलं की इमान!"

"वेग जास्त होता, मामा. मग उतरायचं नसतंय."

"ब्रेक लागंना व्हय?"

"न्हाय ओ, तसं नसतंय ते."

"हितं लोकं भायेर येऊन सांगायलेत, पायलट आपल्याच भागातला हाय, नवा हाय, पैल्या बारीला चुकला. मी म्हनलं, नसंल आमचा." मग आवाज खाली आणून, "तूच व्हतास नव्हं?"

"अव्वाला द्या."

अव्वानं फोन घेतला. "जेवलास का?"

"व्हय."

"मग हात कसा चुकला?"

याला उत्तर द्यायच्या आत परतीचे प्रवासी चढायला लागले. फोन ठेवला. भिंतीपलीकडे अव्वा उभी होती आणि मी परत गोव्याला चाललो होतो.

परतताना विमान मी उडवलं. कॅप्टन कामापुरतं बोलल्या, बाकी गप्प. त्या गप्प बसण्याचे मी वाटेत जेवढे अर्थ लावले तेवढे कुणी कुंडलीचेही लावत नसेल. ओरडलो ते चुकलं का? घाई झाली का? मी नुसता नियम पाठ केलेला बैल आहे, असं तर वाटलं नसेल?

गोव्याला क्रू रूममध्ये त्यांनी आधी स्वतःचा रिपोर्ट भरला. गो अराउंड झालं की कारण कळवावं लागतं. त्यात कुणाला शिक्षा नसते. त्यांनी लिहिलं, वेग जास्त, विमान मी उडवत होते. मग पेन खाली ठेवलं.

"पाचशेला तुला काय वाटत होतं? खरं सांग."

"जमेल असं वाटत होतं."

"मलाही," त्या म्हणाल्या. "माझं सगळं लक्ष जमवण्यात होतं. अशा वेळी माणसाला जमेल असंच वाटतं. म्हणून तर शेजारच्या खुर्चीत दुसऱ्याला पगार देऊन बसवतात. पण तुलाही जमेल वाटत होतं तर बोललास कसा?"

"आकडा जास्त होता, कॅप्टन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत पेन उचललं. "लिहिते आहे, वेळेवर बोलतो. आणि एक सांगते, ते लिहीत नाही. एवढं ओरडू नकोस बाबा, मी शेजारीच बसलेली असते."

पुढं शेवटची चेक फ्लाइट झाली आणि मी रिलीज झालो. आता रोज वेगळ्या कॅप्टनबरोबर बसतो. बोलायच्या वेळची धाकधूक पूर्ण गेलेली नाही. पाचशे फुटांवर दर वेळी थोडी होते. जाऊ नये असंच मला वाटतं.

दुधनीत मात्र निकाल वेगळा लागलाय. मल्लिनाथअण्णांचा भाचा पहिल्या बारीला चुकला, पण डोकं शांत ठेवून दुसऱ्या बारीला उतरवलं, असं अडतीवर सांगतात. मामाही आता तसंच सांगतात, वर अभिमानानं. मी दोनदा समजावून बघितलं आणि सोडून दिलं.

भरतीला निघालेली पोरं मला विचारतात, काय वाचू, इंटरव्ह्यूत काय विचारतात. ते सगळं सांगतो. मग एवढंच जोडतो: वेळेवर परत फिरवलेलं विमान लांबून चुकलेल्या विमानासारखंच दिसतं. त्यावर कंपनी काही बोलत नाही. पाहुणेरावळे बोलतात.