चुकलेल्या तारखेचं पान

"आजी, ती तारीख मी टाकली होती," शेजारीण दारात उभी राहून म्हणाली.

माझी नात उंबऱ्यावर बसली होती. पदवीचा शेवटचा पेपर द्यायला गेली, तर केंद्रावर चिटपाखरू नाही. पेपर आदल्या दिवशीच होऊन गेला होता. दिवसा दुकानात उभं राहून बाहेरून शिकणारी पोर. तिला वेबसाईट सोडून कोण सांगणार होतं? तिच्यासारखी आणखी बरीच पोरं चुकली.

मी शेजारणीला आत ये म्हटलं नाही.

विद्यापीठाच्या वेबसाईटवर काय लिहायचं आणि काय काढायचं, हे तिचं काम. कंत्राटी. आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत नेटवर्क फक्त गॅलरीत मिळतं, म्हणून ती स्टुलावर लॅपटॉप ठेवून तिथेच बसायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. डोकं खाली, चहा गार, आणि भाजीवाला ओरडून गेला तरी पत्ता नाही.

कुठलंही पान चढवायच्या आधी ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. मी चौथी पास.

"आजी, कळलं का?"

"सर्व संबंधितांस म्हणजे कोण गो?"

"पोरं."

"मग पोरांनो म्हण की."

ती हसायची आणि बदलायची. मला कळल्याशिवाय पान चढत नसे. तारखांचं पानसुद्धा मला वाचून दाखवलं होतं. मला सगळं स्वच्छ कळलं. मागच्या वर्षीचं पान घेऊन त्यात नवं भरायची त्यांची पद्धत, त्यात एक तारीख जुनीच राहिली. ते मला कसं कळणार, आणि तिच्याही नजरेतून सुटलं.

त्याच दिवशी दुपारी तिच्या साहेबांचा फोन आला. तोही गॅलरीतच, स्पीकरवर. सगळ्या मजल्याने ऐकला.

"ते पान उडवा. बरोबर तारखेचं टाका. पोरांनी नीट वाचलं नाही, असं सांगू."

"साहेब, नीट वाचलं म्हणून तर चुकली."

"मॅडम, तुमचं कंत्राट माझ्या सहीने वाढतं."

"माहीत आहे, साहेब."

फोन ठेवून ती टाइप करत बसली. मी मुद्दाम उठून तिच्याकडे गेले नाही. मग तिने हाक मारली आणि वाचून दाखवलं. "या पानावर पेपरची तारीख चुकीची होती. चूक आमच्या कार्यालयाची आहे, विद्यार्थ्यांची नाही." खाली ती चुकलेली तारीख तशीच ठेवली होती, वर रेघ मारून.

"कळलं का, आजी?"

"कळलं. तुझी नोकरी जाईल."

"तेवढं पानावर नाही," म्हणाली, आणि चढवलं.

साहेबांनी ते तासाभरात काढायला लावलं. तोवर पोरांनी त्याचे फोटो काढले होते. माझी नात आणि बाकीची पोरं ते फोटो घेऊन परीक्षा विभागात जाऊन बसली. उठवलं तरी उठली नाहीत. शेवटी त्यांचा पेपर पुन्हा घेतला.

नात पास झाली. आता परळला एका ऑफिसात कामाला आहे. शेजारणीचं कंत्राट वाढलं नाही. काही दिवस तिने इकडेतिकडे अर्ज केले, मग खोली सोडून भावाकडे बदलापूरला गेली. तिच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड राहतं.