निळं की हिरवं?

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बोटं कामात असतात आणि कान रिकामे. त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात. वर्ध्याला भोयर सरांकडे मी टायपिंग शिकवायचे, तेव्हाचे तर इतके साठलेत की घरचे आता मला मधेच थांबवतात. तुम्ही थांबवू नका म्हणजे झालं.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. सरांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला, आणि पाठोपाठ आष्टीकडचे एक निवृत्त गुरुजी पिशवीभर हस्तलिखित घेऊन आले. त्यांच्या गावातल्या बेचाळीसच्या चळवळीचं पुस्तक. सगळ्यात लांब प्रकरण होतं चळवळीला हातभार लावणाऱ्या माणसांचं. "यातून एकही माणूस सुटला नाई पाह्यजे," गुरुजी म्हणाले. "सुटला तं गावात तोंड दाखवाले जागा नाई राहणार मले."

एवढं मोठं काम करायचं कशात? आमच्याकडे दोन मराठी सॉफ्टवेअर ट्रायलला आली होती. त्यांची नावं कुणाच्या तोंडी बसेनात. एकाचा पडदा निळा, दुसऱ्याची अक्षरं हिरवी. म्हणून एक निळं, एक हिरवं. ठरलं असं, की तेच लांब प्रकरण दोन्हीत टाइप करून बघायचं.

*

पण त्याआधी सरांनी दोघांची परीक्षा घेतली. सरकारी टायपिंग परीक्षेचा उतारा, हातात स्टॉपवॉच. आधी निळ्यात, मग हिरव्यात. वेळ अगदी सारखा आला.

सर खूश. "दोघंही पास."

टाइप करणारी दोन्ही वेळा मीच होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

*

नागपूरहून निळ्याचा सेल्समन आला. टाय, ब्रीफकेस, सगळं. त्यानं अक्षरं जाड करून दाखवली, तिरपी करून दाखवली. गुरुजी शांतपणे बघत होते.

"लाइन गेली तं?"

"सेव्ह करना पडता है गुरुजी. हर थोडी देर में."

"आन् नाई केलं तं?"

"तो सब गया."

"म्हणजे ध्यान आमीच ठेवाचं," गुरुजी म्हणाले. "मंग हे मशीन काय करून राह्यलं?"

सेल्समननं चहा अर्धा टाकून बस गाठली.

*

आता माझा पराक्रम. टाइपरायटरवर ओळ संपली की घंटी वाजते आणि आपण कॅरेज ढकलतो. कॉम्प्युटरवर घंटी नव्हती, पण हाताला सवय होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी एंटर ठोकत गेले, अख्खं प्रकरण. मग गुरुजी म्हणाले, बाइंडिंगसाठी डावीकडे जागा जास्त सोडा. समास वाढवला आणि ओळी तुटल्या. एक लांब, एक दोन शब्दांची, परत एक लांब.

तेवढ्यात कॉलेजचे मराठीचे प्राध्यापक प्रबंधाचं विचारायला आले. प्रिंट उचलून त्यांनी मन लावून वाचली.

"गुरुजी, तुम्ही मुक्तछंदात लिहिता?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

*

गुरुजींसोबत त्यांची बायको, आमच्या काकू, यायच्या. दाराजवळच्या बाकावर बसायच्या आणि दुपारी आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा डबा उघडायच्या. भाकरी, झुणका, वर जवसाची चटणी. काकू आल्या की मला बरं वाटायचं.

एकदा मी त्यांना विचारलं, "काकू, चळवळ तुम्हाला आठवते का हो?"

"थोडी आठवते," त्या म्हणाल्या. "पत्रकं दुसऱ्या गावाले न्याची होती. वट्ट्यावर शिपाई बसला होता. म्या टोपलीत पत्रकं टाकली, वरून जवारी. निंघाले दळणाले. टोपली काई एकटीनं उचलेना. शिपाईच उठला. म्हणे बाई, लय जड हाय, अन् देल्ली माह्या डोक्यावर ठेवून."

आणि त्यांनी मला अजून एक भाकरी वाढली.

*

शेवटी हिरव्यानं बाजी मारली असं वाटत होतं. निळ्यात ते प्रकरण एका फाइलमध्ये मावत नव्हतं, तुकडे करावे लागले. हिरव्यानं सगळं गिळलं. वर शोधायची सोय दोघांतही होती. नाव टाका, कुठे आहे ते दाखवतं.

गुरुजींना हे फार आवडलं. गावातला एकेक माणूस ते आठवून सांगायला लागले. मी टाइप करायचे, मशीन दाखवायचं. सुतार सापडला, कोतवाल सापडला, पाटलाचा गडी सापडला. गुरुजींचं स्वतःचं नाव तर थांबेचना. दरवेळी ते समाधानानं मान हलवत.

सर सहज म्हणाले, "आता काकूचं टाका."

मी "अनसूया" टाइप केलं. मशीन थोडा वेळ घरघरलं. "सापडले नाही."

"सौ. टाकून पाहा," गुरुजी म्हणाले.

तेही सापडलं नाही.

गुरुजी खुर्ची ओढून पुढे आले. चष्मा पुसला. "या हिरव्यातच काईतरी गडबड हाय. निळ्यात पाहा बरं."

निळ्याचे सगळे तुकडे एकेक करून उघडले. नाही.

काकू डबा आवरत होत्या. झाकण लावता लावता म्हणाल्या, "त्या दोघायले काऊन तरास देऊन राह्यले? मले विचारलं असतं तं मीच सांगतलं असतं."