आधी पाणी, मग पंखा, मग चकली

घरातला कॉम्प्युटर कसा सुरू व्हावा, या वादात आमची एक दिवाळी बुडाली. ती मी बुडवली, हे सांगायला मला वर्ष लागलं.

बायको फराळ विकते, वर्षभर थोडा आणि दिवाळीत ढिगानं. ऑर्डरी घेणारा आणि डब्यांवरच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापणारा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातला माणूस. तिथं आधी पाणी, मग पंखा, मग आग. तसंच मी कॉम्प्युटरला लिहून दिलं होतं: आधी नेट, मग ऑर्डरी, मग प्रिंटर. मधला एक अडला की मागचे सगळे थांबणार आणि मी खुर्ची ओढून बसणार. (हौस नव्हती. पण महत्त्व वाटायचं.)

मुलगी मुक्ता सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाली, "बाबा, सगळ्यांना एकदम उठू दे. ज्याला ज्याची गरज, तो त्याच्यासाठी थांबेल. बाकीच्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

"सगळं एकदम सुरू केलं की बॉयलर फुटतो."

"आपण चकल्या विकतो, बाबा."

बायकोने निकाल दिला, "करू दे तिला. तुमचं उरकेस्तोवर माझा चहा गार होतो."

मुक्ताने नवी पद्धत बसवली. मी गुपचूप माझी जुनीही आत राहू दिली. केंद्रात राखीव पंप असतो, तशी. सकाळी दोन्ही पद्धती जाग्या झाल्या आणि प्रत्येकीने इमानदारीत सगळ्या चिठ्ठ्या छापल्या. बायको चिठ्ठी दिसेल तसा डबा भरत गेली, फराळ संपला तेव्हा थांबली. कुरिअरवाला गेला आणि फोन सुरू झाले. अर्ध्या गिऱ्हाइकांना दोन-दोन डबे, उरलेल्यांना काहीच नाही! इगतपुरीच्या एक बाई म्हणाल्या, "ताई, व्याही येऊन बसलेत. त्यांच्यापुढं काय, रिकामी ताटली ठेवू?"

बायकोने फोन ठेवला. "मुक्ता, काढ ते तुझं नवीन."

"आई, असं व्हायला नको होतं," मुक्ता म्हणाली आणि आपली पद्धत काढायला बसली. तिचा चेहरा बघून मी तोंड उघडलं, आणि त्यात शेव घातली.

जुनी पद्धत परत आली. मी जिंकलो. तेव्हापासून रोज सकाळी हाक: "अहो, प्रिंटर अडलाय."

यंदा दिवाळीच्या फराळाला सुरुवात झाली तेव्हा मी दोघींना सगळं सांगून टाकलं. मुक्ता बराच वेळ सोऱ्या पिळत राहिली. "वर्षभर वाटत होतं, मलाच काही येत नाही," एवढंच म्हणाली.

बायकोने विचारलं, "आज कसं सुचलं? मन खात होतं?"

मी मान डोलावली. मन वर्षभर खातच होतं. त्याला मी दाद दिली नव्हती. त्या खुर्चीत बसून बसून पाठ धरली, तेव्हा कुठे खरं बोललो.