एका चुलीला एक ड्रम

ती चौकशी माझ्याकडे आली तो दिवस आजही जसाच्या तसा आठवतो. मी तेव्हा बीड जिल्ह्यात हवालदार होतो. सिरसाळ्याच्या अंगाची काही गावं माझ्या बीटमध्ये होती. मी मूळचा कोकणातला. दहावीनंतर शाळा सुटली, कामाच्या शोधात इकडे आलो आणि इथल्याच पोलीस भरतीत धावलो. निवडणाऱ्या साहेबांनी माझं गाव विचारलं नाही, फक्त पळवून बघितलं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. पण बाहेरचा माणूस म्हणून कुणी तक्रार करील, ही धास्ती नोकरीभर राहिली.

एका गावात पोलीस पाटलाची जागा भरायची होती. लेखी परीक्षेत गावातली एक सून पहिली आली. माहेर परभणीकडचं, बारावी झालेली. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. दुसरा आला सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या. उमेदवार गावातच राहणारा हवा, असा नियम. लगेच प्रांत कार्यालयात तक्रार गेली: ही बाई बाहेरची आहे, गावात राहतच नाही. चौकशी ठाण्याकडे आली आणि साहेबांनी ती मला दिली. म्हणाले, "कुणाच्या दाबाखाली येऊ नका. जे दिसेल तेच लिहा."

गेलो तर घराला कुलूप. पारावरच्या चौघांना विचारलं. खत-बियाणं सगळ्यांना सोसायटीतूनच मिळायचं, त्यामुळे उत्तर एकच.

"न्हाई राहत सायेब. कवाच गेली."

"कुठे?"

"तोडीला. तिकडंच राह्यली म्हनं."

चेअरमनचा माणूस माझ्या मागेच फिरत होता. हसत म्हणाला, "आमचं गाव हाय, मान्सं आमचीच पायजेत. तुमी तरी कुठले, सायेब?"

त्या प्रश्नाने माझी जुनी धास्ती जागी झाली. मुकाट्याने कुलपाचा पंचनामा करून निघावं, असंच मनात होतं.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. ड्रम आधीच रांगेत मांडलेले होते. एका ड्रमपाशी कुणीच नव्हतं, तरी एका बाईने त्यात पाइप सोडला. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"त्या कुलपाच्या घराचा. ती बंधाऱ्याच्या कामावर गेलीय, मंग भरायला नगं?"

"तोडीला गेली ना?"

"यंदा एकला नवराच गेलाय. परीक्षा व्हती म्हून ती मागंच राह्यली."

चेअरमनचा माणूस पुढे सरसावला. "पाव्हनी म्हून ठिवलाय त्यो ड्रम, सायेब!"

बाईने पाइप तसाच धरून मान वळवली. "पाव्हन्याचा ड्रम असतोय व्हय? चेअरमनचा जावई आलता, त्येचा तरी ठिवू दिला का आमी?"

रांगेतल्या बाया खदखदून हसल्या. तेव्हा मला कळलं, गावात एका चुलीला एक ड्रम ठरला होता. पाहुण्याने यजमानाच्याच ड्रममधलं पाणी प्यायचं.

मी तिथेच बसून त्या बाईचा जबाब घेतला. ती बोलली तशा आणखी तिघीजणी पुढे आल्या. संध्याकाळी ती सून कामावरून आली. हातापायांना माती. मला बघून तिचा चेहरा उतरला. "सायेब, माजं नाव कटलं का?" एवढंच विचारलं. चौकशी चालू आहे, एवढंच मला सांगता आलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमनला ठाण्यात बोलावलं. साहेबांनी चहा मागवला. मी विचारलं, "टँकरचा नियम कुणी केला?"

"मीच. बाहेरच्याला थेंब न्हाई."

"मग तिचा ड्रम रांगेत कसा?"

चेअरमननी चहाचा कप बाजूला सारला. म्हणाले, "पोरगं घरी बसून हाय हो. कुठंतरी लागावं म्हून केलं." पुतण्याबद्दलची ती काळजी मला खरी वाटली. तरीही अहवालात मी जे दिसलं तेच लिहिलं. महिन्याभरात त्या सुनेला नेमणूक मिळाली.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. माणूस कुठला, हे पारावर विचारू नये; तो रोज कुठे राबतो, ते जाऊन बघावं. पहिल्या कुलपावरच चौकशी संपवली असती, तर एका हुशार बाईची जागा गेली असती.

पुढे चेअरमनचा तो पुतण्या पेढे घेऊन ठाण्यात आला. नव्या पोलीस पाटलीणबाईंकडूनच पुस्तकं नेऊन त्याने अभ्यास केला होता आणि पोलीस शिपाई म्हणून निवडला गेला होता, पार विदर्भातल्या एका जिल्ह्यात. जाताना जरा घाबरलेला होता. म्हणाला, "काका, तिकडं मला वळखीचं कुनीच न्हाई." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिथे पहिल्या दिवशी कुणी त्याला "तू कुठला?" असं विचारलं नसेल, अशी आशा मी आजही करतो.