चार बोटं रुंद

आमच्या जाऊबाईंइतकं भित्रं माणूस अख्ख्या आष्टी तालुक्यात सापडायचं नाही, आणि सापडलंच तर जाऊबाई त्यालाही घाबरतील. कुकरची शिट्टी झाली की त्या दचकतात. पाल दिसली की बाजेवर चढून तिथूनच मला हाका मारतात. आभाळ गडगडलं की मोबाइल पिठाच्या डब्यात लपवतात. "डब्यात कावून ओ?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तू गप. वीज विचारून पडत न्हाई."

अशा बाईकडे वस्तीवरच्या शाळेतला पहिलीचा वर्ग दिलेला. पण लेकरांना लांबी मोजायला शिकवायची म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. पट्टी नाही, टेप नाही. वीत, बोटं, खडू, काडेपेटी, चिंचोके. घरीही तेच. माझी भाकरी काडेपेटीने मोजून "आज अर्धी पेटी कमी भरली" म्हणाल्या, तेव्हा मी परातच पुढे सरकवली, "घ्या, तुमीच थापा." माझी मुक्ता त्यांच्याच वर्गात. आजोबा झोपले की ती चमच्याने त्यांचा पाय मोजायची आणि म्हातारं लई वैतागायचं.

गेल्या हिवाळ्यात कडा गावाकडच्या उसात बिबट्या आला. माणसं दिवसासुद्धा रानात जाईनात. जाऊबाई अंगणात जातानाही माझा पदर धरायच्या. तरी मुक्ताचं बोट धरून रोज शाळेत जायच्या. कुणी कुणाचं बोट धरलेलं असायचं ते विचारू नका.

एके दिवशी मधल्या सुट्टीत हापशाजवळच्या चिखलात लेकरांना पंजा उमटलेला दिसला. शिकवल्याप्रमाणे त्यांनी तो मोजला आणि मुक्ताने वर्गात येऊन सांगितलं, "मॅडम, चार बोटं रुंद हाय. अन् कडा अजून वल्ल्या हायत." म्हणजे जनावर नुकतंच गेलेलं. जाऊबाईंनी सगळी लेकरं आत घेतली आणि मला फोन लावला. "वाघ... लवकर या," इतकं म्हणून फोन ठेवला.

वस्तीवरचे आम्ही काठ्या आणि थाळ्या घेऊन उसाच्या कडेने पळत सुटलो. पाचट सळसळलं की थाळ्या जोरात बडवायचो. माझं लेकरू तिथं होतं. शाळेपाशी आलो तर आतून लेकरांचा मोजण्याचा आवाज. दार ढकललं, उघडेना.

"कोन हाय?"

"मी हाय, जाऊबाई. उघडा."

आत गेले, मुक्ताला पोटाशी धरलं, तर ती सुटायला बघत होती. तिची खिडकी अर्धीच मोजून झाली होती. "आई, आमी समदं मोजलं. फळा, चटई, टेबल. दार तेवढं मॅडम मोजू देईनात. त्या दाराला पाठ लावून बसल्या व्हत्या."

मी दाराकडे पाहिलं. आतली कडी कधीचीच निखळलेली, नुसती भोकं उरलेली. मला रडू आवरेना. जाऊबाईंचा हात धरला. "सोडू नकू गं," एवढंच म्हणाल्या.

बिबट्या पुढे पिंजऱ्यात सापडला. यंदा जाऊबाईंची बदली मांजरसुंब्याकडे झाली. शाळा सुटली की फोन येतो, "इथला रस्ता लई सुनसान हाय गं." मी म्हणते, "मी हाय ना, चला तुमी." त्या चालू लागतात, काहीबाही बोलत राहतात, आणि भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.